जुनं काचेचं कपाट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोकेस, काचेचं कपाट, पुस्तकांचं काचेच्या पल्ल्यांचं कपाट, जाळीचं कपाट यांबद्दल लोक वरचेवर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

1. दुकानदार सगळ्यालाच अँटिक म्हणतो. अँटिक आणि व्हिंटेज यात नक्की फरक काय?

शंभर वर्षं ओलांडली की अँटिक. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू कायद्यातही हीच मर्यादा आहे, फक्त हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना 75 वर्षांची. व्हिंटेजला कायद्यात व्याख्या नाही. बाजारात साधारण चाळीस ते शंभर वर्षांच्या मधल्या वस्तूला तो शब्द चालतो.

घोळ होतो तो आणखी दोन प्रकारांमुळे. एक म्हणजे 'अँटिक फिनिश'. यात माल नवा असतो. जोधपूरकडे आंब्याच्या किंवा शिसमच्या लाकडात तो मोठ्या प्रमाणावर बनतो आणि कडा मुद्दाम घासून झिजवलेल्या असतात. दुसरा म्हणजे पाडलेल्या इमारतीच्या तुळया-दारांच्या लाकडातून आज बांधलेलं कपाट. लाकूड शंभर वर्षांचं, कपाट गेल्या महिन्यातलं. दोन्ही घ्यायला हरकत नाही, पण पैसे त्या मानाने द्या. बिलावर अंदाजे काळ, लाकूड आणि झालेली दुरुस्ती लिहून मागा. लिहून द्यायला नकार आला की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

2. आधी कपाट पसंत करायचं की आधी आत काय ठेवायचं ते ठरवायचं?

आधी वस्तू. त्या जमिनीवर मांडा, सर्वांत खोल आणि सर्वांत उंच वस्तूचं माप घ्या. कपबश्या, बाहुल्या, लहान मूर्तींना आतून 20 ते 25 सेंमी खोली पुरते. पुस्तकांना 25 ते 30. तांब्या-पितळेच्या भांड्यांना 35 ते 45. खोल कपाटात लहान वस्तू ठेवल्या की मागची रांग दिसेनाशी होते आणि कपाटाची अडगळ होते.

वजनाचाही विचार इथेच करा. समई, हंडा, घंगाळ असलं काही असेल तर लाकडी फळ्यांचं, जाड तळाचं कपाट बघा. काचेच्या कप्प्यांचा हिशोब प्रश्न 11 मध्ये आहे.

3. आपल्याकडे कोणकोणत्या धाटणीची कपाटं मिळतात?

मुंबईत सर्वांत जास्त दिसते ती 1930-40 च्या दशकांतली आर्ट डेको शोकेस: गोलाई घेतलेले कोपरे, आडव्या पट्ट्या, बहुधा विनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा). ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हाचंच हे फर्निचर. वाकवलेली काच असेल तर ती आधी तपासा, कारण प्रश्न 7 मध्ये आहे. त्याआधीचं, एकोणिसाव्या शतकातलं कोरीव शिसवी काम 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणून ओळखलं जातं. अनेक पारशी घरांत ते होतं. देखणं, पण जड, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ते खोलीच गिळून टाकतं.

गोव्यात इंडो-पोर्तुगीज धाटणीची कपाटं मिळतात. वाड्यांतली फडताळं भिंतीतली, त्यामुळे बाजारात बहुतेक वेळा फक्त त्यांची चौकट आणि दारं येतात. मागे नवी पेटी बांधून त्यांचं छान उथळ कपाट होतं. शिवाय दवाखान्याची काचेची कपाटं, दुकानाच्या बरण्यांची कपाटं, वकिलांची वर उचलून आत सरकणाऱ्या काचांची पुस्तककपाटं. आणि जाळीचं दुधाचं कपाट, ज्याच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवत. ते अजूनही त्या मानाने स्वस्त मिळतं. सूप-रोवळी, दगडी खलबत्ते, चिनी मातीच्या बरण्या मांडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

4. माप घेताना काय चुकतं?

लोक भिंत मोजतात, वाट मोजत नाहीत. लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची, जिन्याचं वळण, घराच्या दाराची चौकट आणि पॅसेजचा कोपरा, सगळं मोजा.

दुसरी चूक छताची. आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो. 230 सेंमी उंच आणि 60 सेंमी खोल कपाटाचा कर्ण जवळजवळ 238 सेंमी भरतो. फॉल्स सीलिंग 235 वर असेल तर कपाट घरात येईल, उभं राहणार नाही. उंचीचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम.

बरीच मोठी कपाटं दोन-तीन भागांत सुटतात: वरची कार्निस (माथ्याची पुढे आलेली पट्टी), मधला काचेचा भाग, खालचा बैठा भाग. सुटतं का हे दुकानातच सोडवून दाखवायला सांगा. मागे भिंतीपासून 5 सेंमी जागा सोडा आणि तीही कपाटाच्या खोलीच्या मापात धरा.

5. 'बर्मा टीक आहे साहेब' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?

साग आहे हे ओळखता येतं. बर्माचा की इथला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863 मध्ये स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातला साग मुंबईत भरपूर आला हे खरं. पण अल्लापल्लीचा सागही त्याच दर्जाचा असू शकतो. तेव्हा 'बर्मा' या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.

सागासाठी तळाच्या फळीची उलटी बाजू नखाने किंवा पात्याने किंचित खरवडा: सोनेरी तपकिरी रंग, हाताला तेलकटपणा, कमावलेल्या चामड्यासारखा वास. शिसव जांभळट तपकिरी, काळ्या रेषांचा आणि उचलल्यावर लगेच कळेल इतका जड. सागाचं घनमीटर साधारण 650 किलो भरतं, शिसवाचं 850 च्या आसपास. गडद पॉलिश मारलेला साग 'शिसवी' म्हणून खपवतात, म्हणून रंग नेहमी ड्रॉवरच्या आत बघा. मागच्या फळ्या देवदाराच्या किंवा फणसाच्या असल्या तर बिचकू नका. जिथे दिसत नाही तिथे स्वस्त लाकूड वापरायची सुतारांची जुनीच रीत आहे.

6. हाताने कापलेले सांधे आहेत, म्हणजे जुनं ना?

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. परदेशी मार्गदर्शनात हाताच्या करवतीच्या खुणा, वेडेवाकडे डव्हटेल (एकमेकांत अडकणारे पंख्याच्या आकाराचे सांधे) हे वयाचे पुरावे मानतात. आपल्याकडे गल्लीतला सुतार 1975 मध्येही हातानेच डव्हटेल कापत होता. तेव्हा हातकामावरून जुनेपणा ठरत नाही. उलट दिशेने शोधा: काय असल्यामुळे ते 'इतकं जुनं असूच शकत नाही'?

फुलीच्या खाचेचा (फिलिप्स) स्क्रू आला तोच 1930 च्या दशकात. प्लायवुडची पाठ असेल तर एकोणिसावं शतक विसरा, मात्र पाठ नंतर बदललेली असू शकते. जिथे काहीच जोडलेलं नाही तिथे बुजवलेली खिळ्यांची भोकं दिसली तर लाकूड दुसरीकडून आलं आहे.

आता एक उपयोगी तपासणी. कपाटाची लाकडी गोल मूठ किंवा कातलेला गोल खांब घ्या. व्हर्नियर कॅलिपरने एकाच ठिकाणी दोन दिशांना व्यास मोजा, मग हळूहळू फिरवत मोजा. लाकूड वर्षानुवर्षं सुकताना सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जास्त, गाभ्याच्या दिशेने कमी. कातताना तंतोतंत गोल असलेली वस्तू काळाने किंचित अंडाकृती होते. अर्धा मिलिमीटरचा फरकही बोलका असतो. ओल्या लाकडातून काल कातलेली मूठही अशी आकसते, म्हणून हा एकच पुरावा धरू नका. झीज जुळते का तेही बघा: ड्रॉवरच्या खालच्या कडा मागच्या बाजूला जास्त झिजलेल्या, किल्लीच्या भोकाभोवती वर्तुळाकार ओरखडे, पल्ल्याची कड हात लागतो तिथेच गुळगुळीत. सगळीकडे एकसारखी झीज ही पॉलिश पेपरची.

7. काच मूळची आहे का, आणि फुटली तर?

फ्लोट काचेची (आजच्या एकसारख्या सपाट काचेची) पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली. त्याआधीच्या साध्या काचेत सहसा लहर असते. पल्ल्यासमोर तिरपं उभं राहून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा आणि डोकं हलवा. रेघ थरथरली, मधे बारीक बुडबुडा दिसला, तर काच बहुधा जुनी. सहा काचांपैकी एक-दोन बदललेल्या असणं अगदी साहजिक आहे. त्यावरून भाव पाडता येतो, व्यवहार मोडायची गरज नाही. आरशाला सर्रास 'बेल्जियम' म्हणतात, त्या शब्दाचंही बर्माच्या सागासारखंच.

नवी काच बसवताना खाचेच्या मापापेक्षा लांबी-रुंदीला 2 ते 3 मिमी कमी घ्या. घट्ट बसवलेली काच पावसाळ्यात चौकट हलली की कोपऱ्यातून तडकते. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच हवी असेल तर माप आणि पहेल (कडेची तिरपी घासाई) आधी, कारण टफन झाल्यावर ती कापता येत नाही. वाकवलेली काच साच्यावर बनवून घ्यावी लागते. कारागीर मोजके आणि खर्च मोठा, म्हणून फुटलेल्या गोल काचेची शोकेस घेण्याआधी त्या काचेचा भाव काढून या.

8. बारीक भोकं आहेत. भुंगा जिवंत आहे की जुना?

भोक किती आहे यापेक्षा भुसा ताजा आहे का, ते महत्त्वाचं. कपाट बाकीच्या फर्निचरपासून दूर ठेवा. ब्रशने आणि व्हॅक्यूमने भोकं साफ करा, खाली काळा कागद पसरा, तीन आठवडे हलवू नका. पिठासारखा फिकट भुसा पडला तर किडा आत आहे. काही पडलं नाही तरी उन्हाळ्यात पुन्हा एकदा कागद ठेवा. पक्क्या सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही. तो लागतो फळीच्या कडेच्या पांढऱ्या भागाला, आंब्याला, प्लायला.

उपाय: तेलात विरघळणारं तयार लाकूड-कीडनाशक इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकांत सोडा. आत बोगदे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे औषध दुसऱ्याच भोकातून चिळकांडीसारखं बाहेर येतं. चष्मा आणि हातमोजे घालाच. मग प्लॅस्टिकमध्ये 48 तास गुंडाळून ठेवा. पाण्यात मिसळायचं औषध नको, त्याने पॉलिश पांढरं पडतं. वाळल्यावर भोकं मेणाने बुजवा. पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर लगेच ओळखू येतं.

वाळवीचं वेगळं. तिची मातीची नळी भिंतीतून किंवा जमिनीतून येते. नुसत्या कपाटाला औषध मारून उपयोग नाही, घराला करावं लागतं. बोटाने ठोकून पोकळ आवाज येणारा पाय दिसला तर ते कपाट दुकानातच राहू द्या.

9. पॉलिश काढून नवीन करून घ्यावं का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या कपाटावर सहसा चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा दहा-वीस सेकंद ठेवा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर नंतर मेलामाइन किंवा पीयू (हल्लीची रासायनिक पॉलिशं) चढवलेलं आहे.

लाखेचं असेल तर खरवडायची गरजच नाही, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. आधी मळ काढा: ओलसर पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. मग एक लिटर स्पिरिटला 150 ते 200 ग्रॅम चपडा या हिशोबाने ताजं द्रावण. सहा महिने पडून राहिलेलं द्रावण नीट वाळत नाही, चिकट राहतं. नुसती चमक हवी असेल तर 100 ग्रॅम मधमाशीचं मेण आणि 300 मिली टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवा आणि विस्तवापासून दूर नेऊन मगच टर्पेंटाइन घाला, ते भडकतं.

हे काम जून ते सप्टेंबर करू नका. दमट हवेत लाखेवर पांढरी साय धरते. आणि पॉलिशवाला मशीन घेऊन सगळं कोरं करायला निघाला तर थांबवा. त्या झिजेसाठीच तर जास्त पैसे मोजले होते.

10. जुलैत दार अडकायला लागलं. रंधा मारून घेऊ?

दिवाळीपर्यंत थांबा. एक फूट रुंदीची सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा दोनेक मिमी फुगते. जुलैत रंधा मारलेल्या दाराला जानेवारीत फट पडते. तोवर कडेला पांढरी मेणबत्ती घासा. दाराच्या चौकटीतली मधली फळी सैल वाजत असेल तर ती तशीच राहू द्या. तिला फुगायला जागा म्हणूनच खाच ठेवलेली असते. ती चिकटवली की फळी उभी तडकते.

बारा महिने दारं जुळत नसतील तर आधी लेव्हल-बाटली ठेवून बघा. 'वाकडे' पल्ले बऱ्याचदा फरशीच्या उतारामुळे असतात. एका पायाखाली पातळ चकती घातली की जुळतात. मग बिजागरीचे स्क्रू. सैल झालेल्या भोकात बांबूची काडी सरसाने (हाडा-कातड्यांपासूनच्या सुतारी गोंदाने) बसवून पुन्हा स्क्रू मारा.

11. काचेच्या कप्प्यांवर किती वजन चालेल?

30 सेंमी खोल, साध्या काचेचा, दोन टोकांना टेकलेला, वजन सारखं पसरलेला कप्पा धरून: 60 सेंमी लांबीला 6 मिमी काच, 10 किलोपर्यंत. 90 सेंमीला 8 मिमी आणि 12 किलो, किंवा 10 मिमी आणि 20 किलो. जुन्या कपाटांत 90 सेंमीवर 5 मिमीची काच सर्रास असते, त्यावर कपबश्याच ठेवा. काचेचं स्वतःचं वजनही कमी नाही: दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. टेकू तपासा, लाकडी पट्टी स्क्रूने हवी, नुसत्या खिळ्यांवर नको. जड वस्तू मधोमध एकटी ठेवू नका.

12. आत लाइट लावायचे आहेत, कपाट खराब न करता.

12 व्होल्टची एलईडी पट्टी, 2700 ते 3000 केल्विन (पिवळसर उजेड). पट्टी पल्ल्याच्या चौकटीमागे उभी लावा, म्हणजे उजेड सगळ्या कप्प्यांवर पडतो. वर एकच दिवा लावला तर पहिली लाकडी फळी सगळा उजेड अडवते. ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) कपाटाच्या बाहेर ठेवा, तो गरम होतो. वायरीसाठी मागच्या फळ्यांमधली फट असतेच, नवं भोक पाडू नका. हॅलोजन नको: उष्णतेने विनियर सुटतो.

13. आत ठेवलेली चांदी बाहेरच्यापेक्षा लवकर काळी पडते. का?

बंद जागेत गंधकाची वाफ कोंडते. लोकरीचं फेल्ट, रबराच्या चकत्या आणि काही रंगीत मखमल ही नेहमीची कारणं. ती काढून धुतलेलं सुती कापड अंथरा. नव्या प्लायची फळी टाकली असेल तर तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिंपले आणि शिशाच्या वस्तूंना खातात. शिंपल्यांवर पांढरी पूड दिसली तर कारण तेच. सिलिका जेलच्या पुडीवर भरवसा नको, जुन्या कपाटाच्या फटींतून हवा सतत आत-बाहेर करते.

14. सांधे सैल आहेत. फेविकॉल भरला तर?

जुन्या सांध्यात सरस असतो. त्यावर पांढरा गोंद धरत नाही, आणि धरलाच तर पुढच्या वेळी सांधा सोडवता येत नाही. कोमट पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून काढा आणि पुन्हा गरम सरसच लावा. शिकंजा (क्लॅम्प) 24 तास. सांध्यातून आडवा स्क्रू मारणं ही सर्वांत वाईट दुरुस्ती. लाकूड फुगतं, स्क्रू फुगत नाही, आणि फळी फाटते.

15. भाव बरोबर आहे का, कसं ठरवायचं?

आधी तेच कपाट आज सागात नवं बांधायला काय लागेल ते काढा. सहा फूट उंच, चार फूट रुंद, सवा फूट खोल शोकेसला वाया जाणारं धरून साधारण 6 घनफूट लाकूड लागतं. स्थानिक वखारीचा भाव, सुताराची मजुरी, काच, पॉलिश मिळवा. व्हिंटेज कपाट या आकड्याच्या आसपास असेल तर ठीक. वर जायला कारण हवं: अखंड गोल काच, मूळ कडी-कुलूप, खरं कोरीव काम. 'संस्थानिकांच्या घरातून आलं' हे कारण नव्हे, कागद असेल तर गोष्ट वेगळी. वाहतूक आणि दुरुस्ती वजा धरून घासाघीस करा. किल्ली नसली तर फार अडू नका. कुलूप काढून नेलं तर बरेच कुलूपवाले किल्ली बनवतात.

16. बघायला कुठे जावं?

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट (तिथली दुकानं शुक्रवारी बंद) आणि जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, तिथे मोठ्या कपाटांपेक्षा मुठी, बिजागऱ्या, कुलपं चांगली मिळतात. लांब जायची तयारी असेल तर तमिळनाडूतलं कारैकुडी. दिवसा जा, टॉर्च, मेजरटेप आणि लोहचुंबक घेऊन. पितळी म्हणून दाखवलेली मूठ चुंबकाला चिकटली की मुलामा समजा.

17. घरात लहान मूल आहे. उंच शोकेस धोक्याची नाही का?

भिंतीला बांधलेली नसेल तर आहे. मागची पातळ फळी नव्हे, वरची जाड आडवी पट्टी धरून दोन एल-अँगल लावा. लांबट भोकाचे घ्या, म्हणजे लाकूड फुगायला वाव राहतो. सिपोरेक्सच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या) भिंतीला तिच्यासाठीचेच फास्टनर लागतात, साधे रावळ प्लग उपटतात. खालच्या काचांना आतून सेफ्टी फिल्म लावा.

18. वरचा आणि खालचा भाग वेगळ्या कपाटांचे वाटतात.

शक्य आहे. व्यापारात याला 'लग्न लावलेलं' म्हणतात. दोन्ही भागांच्या बाजू आणि पाठ यांचं लाकूड, फळ्यांची जाडी, पाठीवरचे डाग जुळतात का बघा. वरचा भाग उचलला की खालच्याच्या माथ्यावर त्याच मापाची न उजळलेली पट्टी दिसायला हवी. माथा सगळाच पॉलिश केलेला असेल तर तो एकेकाळी उघडा, स्वतंत्र होता. वापरायला काही अडत नाही, पण भाव एकसंध कपाटाचा देऊ नका.

19. दवाखान्याचं लोखंडी किंवा जुनं रंगवलेलं कपाट घेतलं. रंग घासू का?

कोरडा घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि धूळ घरभर जाते, मुलांना सर्वांत घातक. ओला पॉलिश पेपर, मास्क, आणि काम गच्चीत. रंग धरून असेल तर त्यावर पारदर्शक थर पुरे. गोदरेजचं लोखंडी कपाट 1923 पासून निघतं, पण त्याला काच बसवण्यासाठी पत्रा कापला की दार लचकतं.

20. आजीचं शिसवी कपाट अमेरिकेतल्या घरी न्यायचं आहे.

आधी वय ठरवा. शंभर वर्षांवरचं असेल तर खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, वारसाने आलेलं असलं तरी. कमी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या, कस्टमला तो लागतो. शिसव आणि शिसम दोन्ही साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहेत, तेव्हा त्या परवानगीचीही चौकशी करा. खोक्याच्या लाकडावर आयएसपीएम-15 चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा.

कपाटात हस्तिदंताचं जडावकाम असेल तर देशातही त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. हाडाचं काम चालतं. भिंगातून बघा: हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, हस्तिदंतात आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. शंका असेल तर घेऊ नका.